मधल्या खोलीचा हुंकार

१

दुपारच्या चहाच्या वेळी मी बोलते आणि हे ‘हं’ म्हणतात. आमचा संसार असाच चालत आलाय. मी स्वयंपाकघरात, हे बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत, आणि आमच्या दोघांमध्ये ती बिनखिडकीची मधली खोली, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. मी म्हणते, गॅसवाला आजही आला नाही. हं. मी म्हणते, हिमानीचा फोन नाही, पोरगी सासरी गेली म्हणून आईबाप मेले का? हं. मी काय बोलले ते उलटं विचारलं तर ह्यांना एक अक्षर सांगता येणार नाही, पैज लावून सांगते. पण हं कसं अगदी वेळेवर येतं. लग्न नवं होतं तेव्हा माझं डोकं फिरायचं. आता हं आलं नाही तर बोललेलं पोचलंच नाही असं वाटतं.

त्या दुपारी मी नोटिशीवरून तडतडत होते. अंबरनाथला मोरिवलीच्या रस्त्यावर आमची ‘सहजीवन’ नावाची दुमजली इमारत. खाली-वर मिळून आठ बिऱ्हाडं, सगळे जुने भाडेकरू. हे मोरिवलीच्या कारखान्यात बॉयलरवर साहेब होते, तेव्हापासून आम्ही तिथे. मालकाच्या मुलांनी इमारत सरकारला देऊन टाकली आणि सरकारला तिथे कचेरी हवी झाली. दाखले, उतारे, शिक्के, सगळं एका छपराखाली. छान आहे, पण ते छप्पर आमचंच कशाला? तर म्हणे इमारत भक्कम आहे, पाडायला नको, आतल्या दोनचार भिंती इकडच्या तिकडे केल्या की झालं. म्हणजे भक्कम आहे म्हणून आम्ही बाहेर! पडकी असती तरी बाहेरच काढलं असतं, धोकादायक म्हणून.

“ह्या लोकांना माणसं दिसतच नाहीत,” मी चहा गाळता गाळता म्हणाले. “नुसत्या भिंती दिसतात.”

“हं.”

कप घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. खिडकीतून खाली बघितलं. हे कोथिंबिरीची जुडी हातात धरून फाटकातून आत शिरत होते.

मी कप धरून तशीच उभी राहिले. मग स्वतःला म्हटलं, उमाबाई, कानांचं वय झालं. शेजारच्या किसनभाऊंचा टीव्ही असेल. हे वर आले, चहा गार झाला म्हणून कुरकुरले, आणि मी तो परत गरम केला.

२

कचेरीतून किर्ती नावाची एक बाई यायची. तिशीची, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बोलायला गोड. मला काकू म्हणायची, त्यामुळे धड भांडताही यायचं नाही.

एक दिवस ती मापं घ्यायला आली. टेपचं एक टोक शिपायाने धरलं, दुसरं तिने. आमच्या पलंगावरून, डायनिंग टेबलावरून टेप ताणली. आणि मग वेताच्या खुर्चीच्या वर, आमच्या लग्नाच्या फोटोखाली, खडूने लिहिलं, ‘खिडकी क्र. ४’.

“अहो किर्तीबाई, आम्ही अजून राहतोय इथे.”

“हो काकू, माहितीये ना. नुसतं मार्किंग आहे. पुसलं जातं नंतर.”

“मग आत्ता लिहायची एवढी घाई कसली?”

“वर फोटो पाठवायचा असतो.”

“बरं. आणि आमच्या तळमजल्याच्या अर्जाचं काय झालं?”

ती खडू झटकत राहिली. आम्हाला पर्यायी घर दिलं होतं बदलापूरच्या पुढे सोनिवलीला. सहावा मजला, आणि लिफ्ट बसलेली पण चालू नाही. ह्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. हे मी किती जणांना सांगितलं असेल! एकाने फाइल दुसऱ्याकडे आहे म्हणून सांगितलं, दुसरा ट्रेनिंगला, तिसरा म्हणाला, “आजोबांना व्यायाम होईल की.” तोंडावर म्हणाला.

“काकू, ते माझ्या टेबलला नाहीये,” किर्ती म्हणाली. “मला खरंच वाईट वाटतं.” आणि परत टेप ताणली, ह्या वेळी देवघरावरून.

माझा तोल सुटला. “मोडो मेली ती टेप तुमची!”

“हं.”

लगेच खट्‌ असा आवाज झाला. टेपचं डबडं तिच्या हातात उघडलं आणि आतली पट्टी भसाभसा जमिनीवर आली. शिपाई हसला. किर्ती हसली नाही. ती मधल्या खोलीकडे बघत होती.

“काका आत आहेत का?”

हे बँकेत गेले होते. “नाहीत,” मी म्हणाले.

“मग आत्ता कोण…”

“पाइप आहे. जुनं प्लंबिंग, बाई. आता तुमचंच आहे, तुम्हीच बघा.”

३

खालची बिऱ्हाडं आधी गेली. घर रिकामं झालं की लगेच शिपाई यायचा, दाराला कुलूप, कुलपाला कापड, कापडाला लाख. एकेक आवाज बंद होत गेला. कुणाचा मिक्सर, कुणाची भजनं, कुणाची सकाळची खाकरण्याची सवय. इतकी वर्षं ज्याला वैतागले होते ते सगळं थांबलं, आणि मग लक्षात आलं की आपण बोललेलं घरात किती मोठं ऐकू येतं.

वरच्या मजल्यावर शेवटी आम्ही आणि शेजारी किसनभाऊ-सरस्वती एवढेच उरलो. किसनभाऊ ह्यांच्याच कारखान्यात फिटर होते. दोघं बौद्ध, कडक माणसं, उपासतापास नाही, देवदेवस्की नाही. दर पौर्णिमेला सरस्वतीची खीर यायची आणि दर संकष्टीला माझे मोदक जायचे, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमची भिंत एकच. तिकडे तिने भाकरी थापली की इकडे माझ्या मांडणीतले चमचे किणकिणायचे.

निघायच्या दिवशी ती शेवटचा चहा प्यायला आली. बाहेर टेबलावर माझी बांधाबांध पसरलेली, म्हणून दोघी मधल्या खोलीत जमिनीवर बसलो. तिने बुद्धाची मूर्ती आपल्या चांगल्या साडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. टेम्पोत ठेवायला तयार नव्हती.

“तिकडे हवा चांगली आहे म्हणतात,” मी म्हणाले. काय बोलायचं अशा वेळी?

“हवा खायची आहे का आता?” ती म्हणाली, आणि एकदम रडायला लागली. सरस्वतीला मी रडताना कधी बघितलं नव्हतं, मुलगा गेला तेव्हासुद्धा नाही. “उमाताई, जाते म्हणून जाते. पण माझा जीव काय इथनं हलायचा नाही. इथंच राहणार तो.”

“हं.”

आमच्या दोघींच्या मध्ये आलं. इतकं जवळून की माझ्या हातातला कप हलला.

सरस्वतीने डोळे पुसत मान वर केली. “भाऊ आहेत होय घरात?”

भाऊ, म्हणजे आमचे हे, तिच्याच घरात किसनभाऊंना पलंग सोडवायला मदत करत होते. हातोडीचे ठोके मला ऐकू येत होते.

“हो, आहेत,” मी म्हणाले.

४

आठवड्याने किसनभाऊंचा फोन आला.

“वहिनी, हिला जरा फोनवर बोला. काय झालंय कळत नाही.”

“का हो? ताप आहे का?”

“ताप नाही, काही नाही. जेव म्हटलं की जेवते. झोप म्हटलं की झोपते. हाक मारली की बघते. पण वहिनी…” त्या माणसाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “माझी बायको नाही ती. ती कुठं गेली?”

तिने फोन घेतला. मी म्हणाले, “सरस्वती, अगं, मी उमा.” तिकडून नुसता श्वास. मी पौर्णिमेच्या खिरीचं काढलं, मुलाचं नाव काढलं. श्वास तेवढाच, सावकाश, झोपलेल्या माणसासारखा. मी फोन ठेवला.

आणि माझ्या मांडणीतले चमचे किणकिणले.

मी आधी रस्त्यावरून ट्रक गेला असेल म्हणून थांबले. मग परत. थप, थप, थप, आणि मध्ये भाकरी फिरवायला लागते तेवढी उसंत. मी भिंतीला हात लावला. भिंत हलत होती, अगदी ओळखीची.

“ऐकलंत का?” मी ह्यांना ओरडून विचारलं.

“पाइप आहे,” हे पेपरातून म्हणाले. मीच शिकवलेलं उत्तर.

मी बाहेर गॅलरीत गेले. शेजारच्या दाराला कुलूप, कापड, लाख, सगळं जागच्या जागी. खिडकीचं एक तावदान फुटलेलं होतं, त्याला डोळा लावला. आत काही नव्हतं. खिळे, कॅलेंडरचा चौकोन, कोपऱ्यात एक गोणपाट. पण फरशी ओली होती. आत्ताच पुसलेली, सरस्वती पुसायची तशी, दाराकडून आतपर्यंत, आणि आतल्या टोकाला ओल अजून पुढे सरकत होती. मी बघत होते तेवढ्यात आणखी एक हातभर फरशी ओली झाली.

मी घरात आले आणि दार लावून घेतलं.

५

आमच्या सासूबाई म्हणायच्या, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. कुणाच्या सासूबाई म्हणत नाहीत? मी बी.एस्सी. झालेली बाई. मी तेव्हाही मान डोलवायचे आणि मनात हसायचे. आताही मी स्वतःला समजावलं. टेप चायनीज होती. सरस्वतीला घर बदलल्याचा धक्का बसला असेल, म्हाताऱ्या माणसांना बसतो. फरशीला पाझर असेल.

मग म्हटलं, असेलच काही तर आपल्या कामाचं करून घेऊ. मधल्या खोलीत दिवा लावून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “ही कचेरी इथे होणार नाही. आम्ही सुखाने इथेच राहणार.”

काही नाही. परत म्हणाले, हात जोडून म्हणाले. खोली गप्प. माझाच मला राग आला. कसं येईल हं? मला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. मनापासून आपण काय बोलतो? जे चिडून बोलतो तेच.

त्या दिवसापासून माझ्या तोंडाचे हाल सुरू झाले. ज्या बाईचा सगळा दिवस तोंडावर चालतो तिने घरात जपून बोलायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! कुकर शिट्टी देईना तेव्हा ‘हा मेला एक दिवस माझा जी…’ इथपर्यंत आले आणि तोंडावर हात मारून घेतला. तो कुकर मी त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला देऊन टाकला.

ह्यांना मी सगळं सांगितलं. जिन्यात नेऊन सांगितलं. हे हसले. “उमा, बी.एस्सी.ला कुठला विषय होता तुझा?”

“हसा. पण इथून लवकर निघू या. तुमच्या पाया पडते.”

“तळमजला लेखी दिल्याशिवाय मी हलणार नाही.”

“हळू बोला!”

“जिन्यात आहे ना मी? तुझ्या वास्तूला ऐकू जात नाही ना इथलं?”

तेव्हापासून भांडायचं झालं की जिन्यात, हा आमचा नियम झाला. मीच केला. आवाज चढायला लागला की मी ह्यांचं मनगट धरायचे आणि उंबऱ्याबाहेर काढायचे. हे चिडायचे, गुडघे धरून कुरकुरायचे, पण यायचे. तिथे रिकाम्या इमारतीत आम्ही दोघं म्हातारी एकमेकांवर खेकसायचो, आणि खाली लाखेची कुलपं. मला एकच हवं होतं. ह्या माणसाला अख्खाच्या अख्खा इथून बाहेर काढायचा. घर गेलं खड्ड्यात. हे सुद्धा मी जिन्यातच म्हणाले.

६

शेवटचा दिवस आला तेव्हा ऊन नुसतं रणरणत होतं. टेम्पो फाटकाशी लागला. हिमानी ऑफिसला रजा टाकून आली होती. किर्ती आली, वीज तोडायला माणूस आला, आणि दाराशी एक हवालदार येऊन उभा राहिला, बिचारा शरमून मोबाइल बघत होता. सामान गेलं. पंखा बंद झाला. घरात उरलं काय, तर वेताची खुर्ची आणि खुर्चीत हे.

“बाबा, उठा ना प्लीज,” हिमानी म्हणाली. “टेम्पोवाला कटकट करतोय.”

“लेखी आणा.”

“काका, मी पर्सनली फॉलोअप घेते,” किर्ती म्हणाली. “प्रॉमिस.”

“तुम्ही घ्या. मी बसलोय.”

मी काही बोलत नव्हते. ओठ दाताखाली धरून उभी होते. ह्यांच्याजवळ गेले, मनगट धरलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, जिन्यात चला, जिन्यात काय वाटेल ते बोला.

ह्यांनी हात झटकला. इतक्या लोकांसमोर.

“तुला घाई झालीय,” हे म्हणाले. “मला कळत नाही असं वाटतं तुला? महिनाभर बघतोय. चला चला चला. तुला हे घर कधी आपलं वाटलंच नाही, उमा. माझ्या आईचं वाटलं.”

मी त्या माणसासाठी महिनाभर जीभ गिळून बसले होते. रात्री दचकून उठत होते, ह्यांचा श्वास बघत होते. आणि हा मला हे सांगतो? शब्द आधी निघाला आणि मी मागून पोचले.

“मग बसा! बसा इथेच कायमचे! मी चालले.”

“हं.”

हिमानीने इकडेतिकडे बघितलं. हवालदाराने मोबाइलवरून मान वर केली. किर्तीचा हात आपोआप गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेला.

“नाही,” मी म्हणाले. “नाही, नाही, तसं नाही, मी रागात…”

आणि हे उठले. अगदी सहज, गुडघ्यांवर हात न टेकता.

“चला,” हे म्हणाले.

“थँक्यू काका!” किर्ती म्हणाली, आणि हिमानी मला मिठी मारून हसली. “बघ, तुझाच ओरडा लागतो बाबांना.” हे दाराकडे चालत गेले. मागे वळून बघितलं नाही, फोटोच्या खिळ्याकडे नाही, माझ्याकडे नाही. मी खुर्चीकडे बघत होते. वेत उसळून वर यायला हवा होता. तो तसाच दबलेला राहिला.

हमाल खुर्ची न्यायला आला. एकाला उचलेना म्हणून दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून ओढली, वाकून खाली काही अडकलंय का बघितलं.

“काकी, भारी है बहुत. नहीं उठती.”

“राहू द्या काकू,” किर्ती म्हणाली. “येणाऱ्यांना बसायला होईल.”

७

सोनिवलीला सहाव्या मजल्यापर्यंत हे एका दमात चढले. मला मधल्या मजल्यांवर बसत बसत यावं लागलं.

हिमानीला वाटलं बाबा निवळले. “किती शांत झालेत गं! आधी केवढी चिडचिड असायची.” डॉक्टर म्हणाले, जागा बदलली की होतं, वेळ द्या. मी वेळ दिला. सकाळी चहा हातात दिला की पितात, काढून घेतला की हात तसाच राहतो. खिडकीपाशी बसवलं की खिडकीकडे, भिंतीपाशी बसवलं की भिंतीकडे. मी दुपारी स्वयंपाकघरातून बोलते. बिल्डरला शिव्या घालते, पाणी आलं नाही म्हणते. वाक्य संपतं. मी थांबते. बाहेरून काहीच येत नाही.

एकदा मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. “भांडा ना माझ्याशी! म्हणा ना, उमा, तुझीच चूक. तुमच्या आईवरून बोला, माझ्या माहेरावरून बोला, काही तरी बोला!” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे गदागदा हलवले आणि मग तिथेच फरशीवर बसून हंबरडा फोडला. ह्यांचे खांदे इतके हलके लागले हाताला.

किसनभाऊ त्याच संकुलात पलीकडच्या इमारतीत होते. खाली बाकावर भेटले.

“वहिनी,” ते म्हणाले, “मी असल्या गोष्टी मानत नाही.”

“मी कुठे मानते?”

“उद्या कचेरी उघडतेय,” ते म्हणाले. “मी जाणार आहे.”

८

दाराला झेंडूचं तोरण, वर फुगे, आणि त्याच जिन्यावर माणसांची रांग. आमच्या घराचं दार काढून काचेचं बसवलं होतं. बाहेरच्या खोलीत ‘खिडकी क्र. ४’, आता छापील. काचेमागे किर्ती. मधली खोली मात्र तशीच ठेवली होती, फायलींची मांडणी करून. किसनभाऊ शेजारी, आपल्या जुन्या घरातल्या खिडकीच्या रांगेत उभे होते, हातात काहीच कागद नाही.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे भिंतीला टेकलेले, एक बाई कडेवर मूल घेऊन ताटकळलेली. आणि खिडकीपाशी वेताची खुर्ची रिकामी.

“बसा की,” मी एका आजोबांना म्हणाले.

“नको, बसलंय ना कुणीतरी,” ते म्हणाले, आणि मग खुर्चीकडे नीट बघून गोंधळले. “नाही का?”

मी खुर्चीकडे बघितलं नाही. धीर झाला नाही. मी किर्तीच्या काचेकडे बघितलं. काचेत माझ्या मागची खोली उमटलेली दिसत होती, खिडकीतलं ऊन, माणसांचे सदरे. आणि खुर्चीच्या जागी एक लेंगा. गुडघ्यावर गुडघा, आणि वरचा पाय हलत होता. हे रागात असले की पाय हलवतात. त्या पायात जी चप्पल होती ती मी सकाळीच सोनिवलीला ह्यांच्या पलंगाखाली सरकवून आले होते. कमरेच्या वर काही दिसत नव्हतं, काचेवर तिथे ‘शांतता राखा’ चिकटवलेलं होतं.

मी मधल्या खोलीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. लोक बघत होते, बघू देत.

“अहो,” मी म्हणाले, “चुकलं माझं. मला तसं म्हणायचं नव्हतं. उठा. आपण घरी जाऊ.”

मनापासून म्हणाले. आयुष्यात इतक्या मनापासून काही बोलले नसेन. काचेतला पाय हलायचा थांबला. खोलीतली कुजबूज थांबली. फायलींच्या मागे काहीतरी माझ्या शब्दांशी येऊन उभं राहिलं, हं म्हणायच्या आधी श्वास घेतात तसं.

“काकू,” किर्ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “सर्व्हर डाउन आहे. आज नाही होणार काही. उद्या या.”

“हं.”

९

दुसऱ्या दिवशी मी गेले. न जाण्याचा विचार मनात आलाच नाही. जिन्यात तेच लोक होते. तेच आजोबा, कडेवरच्या मुलाची तीच बाई. कुणाला राग नव्हता, कुणी भांडत नव्हतं. तोरणाचा झेंडू वाळून काळा पडला तरी आम्ही जातोय. मी रोज पहिली पोचायचं बघते, मधल्या खोलीशी जाऊन तोंड उघडते, आणि कुठून तरी एखाद्या खिडकीतून ‘उद्या या’ हे दोन शब्द आधी येतात. किसनभाऊंना मी पलीकडे बघते. त्यांचेही ओठ हलत असतात.

आज मी ठरवून गेले. काचेच्या फटीतून हात घालून किर्तीचा हात धरला.

“किर्ती, बाळा, माझं एक काम कर. नुसतं म्हण, काकू, तुमचं काम आज होईल. एवढंच. पण मनापासून म्हण.”

तिने माझ्याकडे बघितलं. वाईट नाही मुलगी. त्या दिवशी घरात होती ती, तिने ऐकलंय. ती मधल्या खोलीकडे वळून बघत नाही, फाइल हवी असली तर शिपायाला पाठवते.

तिने खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली. “काकू,” ती म्हणाली, “तुमचं काम आज होईल.”

आम्ही दोघी थांबलो. काचेत पाय थांबला होता. हे ऐकत होते, मला ठाऊक आहे ह्यांचं ऐकणं. मी मनात त्या घराला म्हणाले, म्हण ना रे, एकदा म्हण.

मधली खोली गप्प राहिली.

किर्तीचे डोळे भरून आले. “सॉरी काकू. मी प्रयत्न केला. पण इथे बसून मला नाही खरं वाटत ते.” तिने ओढणीने डोळे टिपले, परत बसली, माझ्या मागच्या रांगेकडे बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही उद्या या.”

“हं.”

काचेत ह्यांचा पाय परत हलायला लागला.